रस्त्यावरील अपघात : दोष कोणाचा आणि किती ?

गेल्या माघ महिन्यांत, ऊंसाच्या गळिताचा हंगाम ऐन भरांत असतां, आमच्या गांवाहून कारखान्याकडे जाणाऱ्या डांबरी सडकेवर एका शेजाऱ्याच्या ट्रॉलीचा टायर फुटला. दिवस मावळावयास आला होता. ट्रॅक्टर चालविणाऱ्यानें भरलेली ट्रॉली तेथेंच सोडली, तिच्या मागें दोन दगड व बाभळीची एक फांदी ठेविली, आणि दुसरा टायर आणावयास तो ट्रॅक्टर घेऊन गांवांत आला. ट्रॉलीस मागें तांबडा दिवा नव्हता व रेडियमची पट्टीही नव्हती. आठाच्या सुमारास एक तरुण आपल्या मामांस मोटारसायकलवर मागें बसवून त्या वाटेनें आला आणि ट्रॉलीवर मागून आदळला. तरुणाचा पाय दोन ठिकाणीं मोडला. मामा तिसऱ्या दिवशीं दवाखान्यांत वारले.

पुढें न्यायाधिकरणाची नोटीस घेऊन शेजारी माझ्याकडे आले. महसूल खात्यांत माझी उमेद कारकुनींत गेल्यामुळें, गांवांत कोणासही सरकारी कागद आला म्हणजे तो प्रथम माझ्या ओटीवर येतो. ते म्हणाले, "भाऊसाहेब, माझी ट्रॉली जागच्या जागीं उभी. तो मागून येऊन धडकला. मग दोष माझा कसा ?" त्यांच्या बरोबर आलेले एक गृहस्थ म्हणाले, "मागून धडकणाऱ्याचाच दोष, असा कायदाच आहे." दुसऱ्यानें लगेच उत्तर केलें, "छे ! नेहमीं मोठ्या गाडीचाच दोष धरतात." हीं दोन्ही मतें आपल्या चावडीवर नित्य ऐकूं येतात, आणि दोन्हीही अपुरीं आहेत. अशा समजुतींचा भुर्दंड शेवटीं जमिनीवर बसतो, म्हणून या विषयाची माहिती आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें. मी वकील नाहीं. प्रत्यक्ष दावा आल्यास वकिलाचाच सल्ला घ्यावा. परंतु वकिलाकडे जाण्यापूर्वीं प्रश्न काय आहे तेवढें तरी आपणांस कळलें पाहिजे.

मूळचा नियम

हयगय म्हणजे, सामान्य समंजस मनुष्यानें त्या प्रसंगीं जेवढी खबरदारी घेतली असती तेवढी न घेणें. एकाच्या हयगयीनें दुसऱ्याचें नुकसान झालें तर पहिल्यानें तें भरून द्यावें, हें उघड आहे. परंतु ज्याचें नुकसान झालें त्यानेंही स्वतःच्या जिवाची किंवा मालाची योग्य काळजी घेतली नसेल तर ? या त्याच्या वाट्याच्या चुकीस कायद्याच्या मराठींत अंशदायी हयगय म्हणतात. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवावा. ही हयगय ठरण्यास त्यानें दुसऱ्याचें कांहीं बिघडविलें पाहिजे असें नाहीं; त्यानें स्वतःस जपलें नाहीं आणि त्यामुळें त्याच्या स्वतःच्या नुकसानीस हातभार लागला, एवढें पुरे.

या प्रश्नाचा एक जुना निकाल इंग्लंडांत १८०९ सालीं झाला. डर्बी गांवीं एका इसमानें घराच्या दुरुस्तीसाठीं सडकेच्या कांहीं भागावर एक वासा आडवा घातला होता. ऑगस्ट महिन्यांत संध्याकाळीं आठाच्या सुमारास, घरोघरीं दिवे लावण्याच्या वेळीं, एक स्वार घोडा भरधांव सोडून आला, वाशास अडला, घोड्यासह पडला व बराच जखमी झाला. शंभर यार्डांवरून तो वासा दिसेल इतका उजेड अद्याप होता, असें पुराव्यांत आलें. वासा घालणाऱ्याची चूक धडधडीत होती. तरीही स्वारास कांहीं मिळालें नाहीं. न्यायमूर्ति लॉर्ड एलेनबरो यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, दुसऱ्यानें केलेल्या अडथळ्यावर मनुष्यानें जाऊन आदळावें, स्वतः साधी काळजीही घेऊं नये, आणि मग भरपाई मागावी, हें चालणार नाहीं.

हा नियम वरवर रास्त दिसतो. पण पुढें तो फार कठोर रीतीनें लागूं लागला. सोळा आण्यांपैकीं वादीचा दोष एक आणा ठरला तरी त्याचे सोळाही आणे बुडूं लागले. प्रतिवादी पंधरा आणे दोषी असूनही मोकळा सुटे. हा अन्याय न्यायाधीशांच्याही डोळ्यांवर आला, आणि त्यावर तोड निघाली ती एका गाढवाच्या निमित्तानें.

गाढवाचा खटला व शेवटची संधि

हा १८४२ सालचा खटला इंग्रजी कायद्यांत फार प्रसिद्ध आहे. एका मनुष्यानें आपल्या गाढवाच्या पुढच्या पायांस पायबंद घालून तें सडकेच्या कडेस चरावयास सोडलें होतें. सडक सुमारें आठ यार्ड रुंद होती. तीन घोडे जोडलेली एक मालगाडी उतारावरून बऱ्याच वेगानें आली. गाडीवान घोड्यांच्या थोडा मागें चालत होता. पाय बांधलेलें गाढव बाजूस होणार कसें ? तें गाडीखालीं सांपडून मेलें. गाडीवाल्याचा बचाव असा कीं, गाढव सडकेवर असें सोडणें हीच मुळांत मालकाची चूक. न्यायालयानें म्हटलें, ती चूक धरून चाललों तरी गाडीवानास गाढव चुकवितां येत होतें. बेताच्या वेगानें व नीट पाहून तो आला असता तर गाढव वांचलें असतें. बॅरन पार्क या न्यायाधीशांनीं असेंही दाखवून दिलें कीं, गाडीवाल्याचा बचाव मान्य केला तर रस्त्यावर पडलेल्या मालावरून, किंवा तेथें झोंपलेल्या मनुष्यावरूनही गाडी घालण्याची मुभा दिल्यासारखें होईल. गाढवाच्या मालकास भरपाई मिळाली.

यावरून जो नियम रूढ झाला त्यास शेवटच्या संधीचा नियम म्हणतात. दोघांचाही दोष असला तरी, अपघात टाळण्याची शेवटची संधि ज्याच्या हातीं होती व ज्यानें ती दवडली, त्याच्यावर सगळें नुकसान टाकावें, असा त्याचा आशय. आपल्याकडे आजही सडकेच्या कडेस बैल बांधलेला असतो, म्हैस आडवी बसलेली असते. जनावर तेथें असणें ही मालकाची चूक, हें खरें. पण त्यामुळें भर दुपारीं, मोकळ्या रस्त्यावर, समोर दिसत असलेल्या जनावरावर गाडी घालण्याचा कोणास अधिकार मिळत नाहीं. गाढवाच्या खटल्याचा हा गाभा अद्याप टिकून आहे.

परंतु शेवटची संधि कोणाची, हें ठरविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. कॅनडा देशाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील एक प्रकरण लंडन येथील प्रिव्ही कौन्सिलापुढें गेलें. त्याचा निकाल १९१६ च्या निकालसंग्रहांत छापला आहे. विजेच्या रेल्वेच्या फाटकावर एक घोडागाडी दोहों बाजूंस न पाहतां रुळावर आली. रेल्वेच्या चालकानें ती सुमारें ४०० फुटांवरून पाहिली व लगेच ब्रेक लावला. ब्रेक चांगला असता तर गाडी ३०० फुटांत थांबली असती. पण ब्रेक सदोष होता, आणि घोडागाडींत बसलेला एक मनुष्य ठार झाला. कंपनीचें म्हणणें पडलें कीं, चालकानें शक्य तें सर्व केलें; रुळ ओलांडणारे मात्र शेवटपर्यंत बेसावध राहिले, म्हणून शेवटची चूक त्यांची. प्रिव्ही कौन्सिलानें तें मानलें नाहीं. संधि हातची गेली ती कंपनीनेंच वाईट ब्रेकची गाडी रस्त्यास लावल्यामुळें. ज्यानें आपली संधि अगोदरच आपल्या हयगयीनें बुडविली, त्यास ती नव्हतीच असें म्हणतां येणार नाहीं. ट्रॅक्टरचा ब्रेक किंवा पुढचा दिवा नादुरुस्त ठेवून 'समोरचा एकदम आडवा आला' असें सांगणाऱ्यांनीं हा निकाल मनांत बाळगण्याजोगा आहे.

सगळें किंवा कांहींच नाहीं, यांतून सुटका

तरीही मूळची अडचण राहिलीच. पूर्वीं सगळें नुकसान वादीच्या माथीं बसे. आतां तें शेवटीं चुकणाऱ्याच्या माथीं बसूं लागलें. दोघांच्या चुका क्षणाच्या अंतरानें एकमेकींत गुंतलेल्या असतां, त्यांतून शेवटची कोणती हें शोधणें म्हणजे केस चिरण्यापैकीं होय. जहाजांच्या टकरींविषयीं इंग्लंडांत १९११ च्या कायद्यानें दोषाच्या प्रमाणांत नुकसान वांटण्याची व्यवस्था झाली होती. अशाच जहाजांच्या एका टकरीच्या १९२२ च्या निकालांत लॉर्ड बर्कनहेड यांनीं सांगितलें कीं, दोन चुकांमध्यें स्पष्ट रेषा ओढतां येईल तेथेंच नंतरच्या चुकणाऱ्यास एकट्यास जबाबदार धरावें. दोन्ही चुका गुंतलेल्या असल्यास दोघांचाही हात धरावा. शेवटीं १९४५ च्या कायद्यानें जमिनीवरील अपघातांसही वांटणीचें तत्त्व लागूं झालें. वादीचा दोष असल्यामुळें दावा बुडत नाहीं. त्याच्या दोषाच्या प्रमाणांत रक्कम कमी होते.

आपल्या देशांत तो इंग्रजी कायदा लागूं नाहीं. परंतु न्याय्य म्हणून त्यांतील तत्त्व आपल्या न्यायालयांनीं स्वीकारलें आहे. मध्यप्रदेश उच्च न्यायालयाच्या १९७५ च्या निकालसंग्रहांतील एका प्रकरणांत मोटारसायकल व बस यांची टक्कर झाली होती. न्यायालयानें दोन तृतीयांश दोष मोटारसायकलस्वाराचा व एक तृतीयांश बसचा ठरवून त्याप्रमाणें भरपाई दिली. उदाहरणार्थ, एकाद्याचें नुकसान ६ लाख रुपये ठरलें व त्याचा स्वतःचा दोष शेंकडा ३० ठरला, तर त्यास ४ लाख २० हजार मिळावयाचे. शेवटची संधि कोणाची होती, हा प्रश्न आतां एकट्यानें निकाल ठरवीत नाहीं. पण तो अजिबात गेलाही नाहीं. कोणास किती वेळ मिळाला, कोणास काय दिसलें व त्यानें काय केलें, यावरूनच दोषाचें माप ठरतें.

मोजण्याच्या या कामांत तीन गोष्टी विशेष पाहिल्या जातात.

पहिली : नियम मोडला एवढ्यानेंच दोष ठरत नाहीं, त्या नियमभंगाचा अपघाताशीं संबंध दिसला पाहिजे. एका मोटारसायकलवर तिघे बसले होते व मागून येणाऱ्या मोटारीनें त्यांस धडक दिली, अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं सांगितलें कीं, तिघे बसणें बेकायदेशीर असलें तरी त्यामुळें अपघात झाला किंवा इजा वाढली असें सिद्ध झाल्यावांचून भरपाई कापतां येणार नाहीं.

दुसरी : ऐन संकटाच्या क्षणीं घाबरून केलेली कृति शांत डोक्यानें तोलावयाची नसते. १८१६ सालीं इंग्लंडांत एका घोडागाडीचा लगाम तुटून ती उलटण्याचें भय वाटल्यावरून एका उतारूनें उडी टाकली व त्याचा पाय मोडला. गाडी पुढें उलटली नाहीं. तरी त्यास भरपाई मिळाली, कारण संकट दुसऱ्यानें आणलेलें होतें.

तिसरी : लहान मुलाकडून मोठ्या माणसाच्या शहाणपणाची अपेक्षा करीत नाहींत. खेळत्या मुलांच्या आवाक्यांत उघडी गाडी सोडून जाणाऱ्यानें 'पोर स्वतःच चढलें' असें म्हणणें व्यर्थ आहे.

शेजाऱ्याचें प्रकरण

आतां आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रॉलीकडे वळूं. तरुणाच्या मोटारसायकलचा दिवा चालूं होता. सामान्यतः रात्रीं दिव्याच्या उजेडांत जेवढें दिसतें तेवढ्या अंतरांत थांबतां येईल अशाच वेगानें जावें. तो अधिक वेगांत होता असें सिद्ध झालें तर त्याच्या रकमेंतून कांहीं भाग कापला जाईल. तेवढी तक्रार शेजाऱ्यांनीं अवश्य मांडावी. परंतु 'मागून धडकला' या दोन शब्दांवर त्यांनीं विसंबूं नये. रात्रीं रस्त्याच्या मध्यावर, दिवा किंवा खूण न ठेवतां उभ्या केलेल्या गॅसच्या टँकरवर एक मोटार आदळली, त्या प्रकरणांत उच्च न्यायालयानें दोष निम्मानिम धरला होता. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं तो निकाल फिरवून सर्व दोष टँकरवाल्याचाच ठरविला. वाहन धोका होईल अशा रीतीनें रस्त्यावर सोडूं नये, असें मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या १२२ व्या कलमांत स्पष्ट आहे. बाभळीची फांदी दिवसा दिसते. काळोखांत ती असून नसल्यासारखीच.

मामांच्या कुटुंबाचा दावा तर निराळाच आहे, आणि हें ऐकून शेजारी चपापले. मामा मागें बसलेले होते. त्यांचा स्वतःचा दोष कांहींच नाहीं. दोन वाहनांच्या हयगयीनें तिसऱ्या निर्दोष माणसाचें नुकसान झालें तर तो संपूर्ण रक्कम दोहोंपैकीं कोणाही एकाकडून वसूल करूं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं सांगितलें आहे. ज्यानें भरली त्यानें दुसऱ्याचा वांटा मागून त्याच्याकडून घ्यावा. म्हणजे भाच्याच्या वेगाची सबब मामींपुढें चालणार नाहीं.

"विमा आहे ना ?" असें मीं विचारलें. ट्रॅक्टरचा होता, ट्रॉलीची मुदत दोन वर्षांपूर्वींच संपलेली. येथें माझ्या जुन्या खात्याचा संबंध येतो. न्यायाधिकरणानें ठरविलेली रक्कम न भरल्यास, त्याच अधिनियमाच्या १७४ व्या कलमाप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला जातो व ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. असे दाखले मीं स्वतःच्या हातानें आवक नोंदींत घेतले आहेत. मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, मग स्थावराची जप्ती व लिलाव, हा क्रम मला पाठ आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढला म्हणजे पीककर्जाच्या वेळीं काय अवस्था होते, तें वाचकांस सांगावयास नको. दोनशें रुपयांच्या पट्टीची कसर अशी जमिनीपर्यंत पोंचते.

शेवटीं शेजारी हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, कंदील लावला होता असें सांगणारे दोघे जण मिळतील." मीं त्यांस स्पष्ट नकार दिला. पंचनाम्यांत दगड व फांदी आहे, कंदील नाहीं. खोटा कंदील उलटतपासणींत विझतो, आणि मग तरुणाच्या वेगाविषयींची खरी तक्रारही कोणी खरी मानीत नाहीं. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, मामींचा कर्ता पुरुष गेला आहे. दोष मोजतांना माप दोहोंकडे सारखेंच धरावयास पाहिजे. शेजारी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर त्यांनीं जें घडलें तेंच कैफियतींत लिहावयास सांगितलें. दावा अद्याप चालूं आहे.

आपण काय करावें ?

१. हंगामापूर्वीं ट्रॉलीच्या मागें तांबडे परावर्तक व रुंद रेडियमची पट्टी लावावी. ऊंस बाहेर लोंबून ती झांकली जात नाहीं ना, हें प्रत्येक खेपेस पाहावें.

२. ट्रॉली बंद पडल्यास शक्य तों डांबराबाहेर घ्यावी. तें न साधल्यास लुकलुकता दिवा लावावा, बऱ्याच अंतरावर चकाकणारी खूण ठेवावी, आणि एक मनुष्य बॅटरी घेऊन तेथें उभा करावा. सोडून जाऊं नये.

३. ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंचाही विमा चालूं ठेवावा. भरलेल्या ट्रॉलीवर माणसें बसवूं नयेत. बसच्या टपावर वाहकानेंच बसविलेला एक उतारू झाडाच्या फांदीचा तडाखा बसून मेला, त्या प्रकरणांत कलकत्ता उच्च न्यायालयानें बसवाल्यांबरोबर त्या उतारूचाही दोष धरला. तो निकाल १९८० च्या संग्रहांत आहे.

४. जनावरें रात्रीं सडकेवर मोकळीं सोडूं नयेत. बैलगाडीच्या मागें रेडियम लावावें व कंदील टांगावा. आपला बैल दुसऱ्याच्या वाहनाखालीं गेल्यास तीही मालमत्तेची नुकसानी होय व तिचा दावा करतां येतो. पण तेथेंही आपला दोष मोजला जातो.

५. अपघात झाल्यास प्रथम जखमीस दवाखान्यांत पोंचवावें व पोलिसांस कळवावें. जागेचीं छायाचित्रें घ्यावीं. दाव्यास विलंब लावूं नये. १ एप्रिल २०२२ पासून अंमलांत आलेल्या सुधारणेनें अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्याच सुधारणेप्रमाणें १६४ व्या कलमाखालीं दोष सिद्ध करीत न बसतां मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागण्याचीही सोय आहे.

६. सडकेवर मळणी घालूं नये. हें मी उपदेशक म्हणून सांगत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं मींच डांबरी सडकेवर ज्वारीचीं कणसें पसरलीं होतीं व गाड्या बाजूनें जाव्या म्हणून भोंवतीं दगड मांडले होते. कणसें उचललीं, दगड विसरलों. रात्रीं शाळेचे एक शिक्षक सायकलसह त्यांवर पडले व त्यांचा हात मुरगळला. सुदैवानें तेवढ्यावर निभावलें, आणि त्यांनीं माझें नांवही कोठें घेतलें नाहीं. पण १८०९ सालच्या त्या वाशाची हकीकत वाचतांना मला माझे दगड आठवले. त्या स्वारास उजेड तरी होता; आमच्या गुरुजींस तोही नव्हता.

कायदा शेवटची संधि कोणाची हें अपघातानंतर शोधतो. आपणांस पहिली संधि असते, आणि ती ट्रॉली सोडून घराकडे निघण्यापूर्वींची. आमच्या शेजाऱ्यांनीं आपल्या दोन्ही ट्रॉल्यांस पट्ट्या लावल्या आहेत. इतर वाचकांनीं नोटीस येईपर्यंत वाट पाहूं नये, एवढीच विनंति.